बंपरचा रंग परत परत सुटतोय? आधी पोपडा उलटा करून बघा

तीन वर्षांत एकाच बंपरचा एकच कोपरा चारदा रंगवून झालाय माझा, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मिळालाय असं मी धरून चालते. व्हॅगनआर, चंदेरी रंग, मागचा डावा कोपरा. इंदूरला राजवाड्यामागच्या एका गल्लीत रिव्हर्स घेताना खांबाला घासली. वीतभर ओरखडा, बाकी काही नाही. आणि त्या वीतभर ओरखड्याने मला इतकं शिकवलं की घरातले आता मला पेंटरीणबाई म्हणतात.

सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, घरी स्प्रेचा कॅन आणून मारू का पेंटरकडे देऊ. माझं म्हणणं असं की हा प्रश्न नंतरचा. रंग एकदा सुटला असेल तर आधी तो कुठल्या थरातून सुटला ते शोधा, नाहीतर घरी मारा नाहीतर बाहेर मारा, परत सुटणारच. माझा दोन्हीकडचा सुटला.

पहिल्यांदा मी मे महिन्यात मारला, गच्चीवर, दुपारी दोन वाजता. ऊन मरणाचं होतं, मी म्हटलं चांगलंय की, पटकन वाळेल. वाळला, इतका पटकन की रंग बंपरपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळत होता आणि नुसती पूड जाऊन बसत होती, हात फिरवला तर काचकागदासारखं खरखरीत. शिवाय वारा सुटला आणि गच्चीच्या त्या टोकाला आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुरडया घातल्या होत्या. पुढचं सांगत नाही. वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर स्प्रे मारायचा नाही एवढंच लक्षात ठेवा. तो रंग पावसाळ्यात गेला, गाडी धुवायला दिली तर प्रेशरच्या पाण्याने कडेपासून उचलला गेला आणि हाताएवढा तुकडा निघून आला.

दुसऱ्यांदा शहाणपणा केला आणि एका पेंटरकडे दिला, अठ्ठावीसशे रुपये. गाडी आली तेव्हा काय सुंदर दिसत होती, आरसा नुसता. आठ महिन्यांनी त्याच कोपऱ्याला पापडासारखा फुगा आला आणि नखाने ओढला तर अख्खी शीट निघाली. परत गेले तर उत्तर तयार होतं, "मैडम, प्लास्टिक की गारंटी कोई नहीं देता." तेव्हा मला वाटलं असेल बाबा, प्लास्टिकचं असंच असतं. असं नसतं. कारखान्यातून आलेला रंग त्याच बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर तसाच्या तसा होता की, मग त्याला कोणी गॅरंटी दिली होती?

तिसऱ्यांदा परत घरी, रागारागात, ऑगस्टमध्ये. पाऊस थांबलेला बघून मारला. मारताना छान, दहा मिनिटांनी सगळ्यावर दुधाळ धुकं बसलं. चंदेरी रंग राखाडी दिसायला लागला.

गणपतीत माझे काका आले होते. काकांची सगळी नोकरी पीथमपूरला, एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये. जेवण झाल्यावर सुपारी कातरत खाली गाडीपाशी गेले, उकिडवे बसले, त्या कोपऱ्याचा एक सुटलेला पोपडा नखाने अलगद उचलला, तळहातावर घेतला आणि उलटा केला.

"याची पाठ बघितलीस का गं?"

मी म्हटलं पाठ कशाला बघायची, रंग पुढून दिसतो.

"रंग सुटला की सगळे पुढूनच बघतात. कुठून सुटला ते मागे असतं."

मग मला उजेडात धरून दाखवलं. पोपड्याची पाठ करड्या रंगाची, म्हणजे प्रायमरची, रंगाखालच्या थराची, आणि काचेसारखी गुळगुळीत. आणि बंपरवर जिथून तो निघाला तिथे नुसतं काळं प्लास्टिक, त्यावर प्रायमरचा कणसुद्धा नाही. काका म्हणाले प्लास्टिक घासलं असतं तर त्याच्या ओरखड्यांचा ठसा या पाठीवर उमटला असता, बारीक रेघा दिसल्या असत्या, ही तर सफाचट आहे, म्हणजे ना घासलंय ना प्लास्टिकचा प्रायमर मारलाय. कडेने बघितलं तर थर मोजता येत होते, करडा, चंदेरी, पारदर्शक, त्यावर परत करडा, परत चंदेरी. म्हणजे मी तिसऱ्यांदा मारलेला रंग त्या पेंटरच्या सुटायला आलेल्या रंगावर बसला होता. पायाच हलतोय आणि मी वरच्या मजल्याला रंगरंगोटी करतेय.

तर ही युक्ती. सुटलेला पोपडा फेकू नका, उलटा करा, आणि जिथून निघाला ती जागाही बघा.

पाठ करडी आणि खाली उघडं प्लास्टिक असेल तर माझ्यासारखंच, प्लास्टिकने प्रायमर धरलाच नाही. पोपडा नुसता पारदर्शक, सेलोटेपच्या तुकड्यासारखा, आणि खाली रंग शाबूत पण कोरडा, फिकट दिसतोय, तर क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, सुटलाय, एकतर रंग आणि क्लिअरमध्ये फार वेळ गेला किंवा उन्हाने खाल्ला, जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर हेच होतं. पाठ रंगीत आणि खाली जुना रंग चकचकीत, तर जुना रंग घासून मॅट न करता त्यावरच नवीन मारलाय. पोपड्याबरोबर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, जाड तुकडा आला तर लांबी चुकीची किंवा फार जाड. पाठीला तपकिरी पूड असेल तर ते प्रकरणच वेगळं, त्यावर शेवटी येते.

आता प्लास्टिकचं जरा सविस्तर, कारण घरी रंगवणारे बहुतेक इथेच मार खातात आणि पेंटरसुद्धा इथेच चोरी करतात.

बंपर बहुतेक करून पॉलिप्रोपिलीनचा असतो, त्यात थोडं रबर मिसळलेलं. बंपर काढून आतून बघितलात तर उठावाच्या अक्षरांत छापलेलं असतं, पीपी, आणि पुढे अधिक चिन्ह करून ईपीडीएम, म्हणजे ते रबर, कधी टी आणि आकडा, तो आकडा म्हणजे टाल्क, शंखजिऱ्याची पूड, किती टक्के घातलीय ते. आरशाची टोपी, पुढची जाळी वगैरे बऱ्याचदा एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची, तिथे एबीएस लिहिलेलं असतं. हा फरक महत्त्वाचा आहे. एबीएसवर रंग बऱ्यापैकी धरतो. पॉलिप्रोपिलीन म्हणजे तेच हो, आपल्या स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या डब्यांचं, ज्यांच्यावर लेबल नीट चिकटत नाही, त्याच्यावर कुठलाच रंग आपणहून बसत नाही. कारखान्यात म्हणून रंगाआधी बंपरवरून ज्योत फिरवतात, क्षणभर, यंत्राने, तेवढ्याने वरचा पृष्ठभाग बदलतो आणि रंग धरायला लागतो. हे ऐकल्या ऐकल्या माझा नवरा गॅसचा लायटर घेऊन आला. काकांनी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून सांगते, हे घरी करायचं नाही, बंपर वितळतो.

आपल्यासाठी असतो तो प्लास्टिक प्रायमर, दुकानात अ‍ॅडहेजन प्रमोटर म्हणूनही मागा. तो पारदर्शक, पातळ पाण्यासारखा, कॅनमध्ये मिळतो. साधा करडा प्रायमर वेगळा आणि हा वेगळा, दुकानदार एकाच्या नावाखाली दुसरा देतात, डब्यावर पॉलिप्रोपिलीनसाठी असं लिहिलंय का ते वाचून घ्या. एक किंवा दोन अगदी हलके हात, नुसतं ओलसर दिसेल इतकेच, आणि त्यावर पुढचा थर किती मिनिटांत मारायचा तेही डब्यावर असतं, ते पाळायचं, मध्ये चहाला गेलात आणि गप्पा रंगल्या तर परत पहिल्यापासून.

मी पहिल्या वेळी काय केलं होतं? थेट चंदेरी. ना हा, ना तो. म्हणून तो पहिला तुकडा तसा निघून आला.

घासण्याबद्दल एक उलटी गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, आधी धुवायचं, मग घासायचं, घासून मग धुवायचं नाही. म्हणजे नंतरही पुसायचंच, पण पहिली सफाई घासायच्या आधी. कारण गाडीवर पॉलिश असतं, टायरला चकाकी आणायचं ते सिलिकॉनचं तेल उडालेलं असतं, आणि तुम्ही त्यावरच घासायचा पेपर चालवलात तर ते ओरखड्यांमध्ये भरलं जातं, मग निघत नाही. रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात, रंग तिथून मागे सरकतो. हे दिसलं की वरून आणखी रंग मारून भोक बुजत नाही, मी करून बघितलंय, भोकाला नुसता काठ चढतो. वाळू द्या, घासून काढा, परत पुसा, तेवढाच उपाय. आणि ज्या दिवशी रंग मारायचा त्या दिवशी डॅशबोर्डच्या पॉलिशचा स्प्रे त्या जागेच्या आसपासही नको.

पुसायला भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी, मग स्वच्छ पाणी, वाळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन फडकी, एकाने ओलं लावायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने केलं तर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. थिनरने पुसू नका, निदान एबीएसवर तरी नकोच, प्लास्टिक मऊ पडतं आणि नंतर तडे जातात.

मी फार हुशारीने काकांना म्हटलं की पाणी ओतून बघते, पाण्याची सलग चादर राहिली तर स्वच्छ, थेंब झाले तर तेल आहे. ते म्हणाले ही परीक्षा पत्र्यावर कर, जुन्या रंगावर कर, उघड्या पॉलिप्रोपिलीनवर मात्र ते कितीही स्वच्छ असलं तरी पाण्याचे थेंबच होणार, त्याचा स्वभावच तो, म्हणून तर रंगही बसत नाही. तिथे पुसून पुसून जीव काढण्यात अर्थ नाही.

पेपरचे नंबर फार डोक्याला लावून घेऊ नका. लांबी असेल तर ती ३२० ने सपाट, प्रायमरवर ६०० पाण्यातला, रंगावर काहीच नाही, चंदेरी रंगाला तर मधे पेपर लावूच नका, रेघा दिसतात. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात सुटे शीट मिळतात, दोन दोन घ्या. आणि लांबी बंपरवर भरायची असेल तर पत्र्याची साधी लांबी नको, बंपर दबतो, वाकतो, ती लांबी वाकत नाही, पहिल्या धक्क्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. प्लास्टिकसाठी लवचीक लांबी वेगळी येते. ओरखडा नखाला जेमतेम लागतोय एवढाच असेल तर लांबी नकोच, प्रायमरच्या दोन हातांत भरून जातो.

जुन्या रंगावरच मारायचं असेल आणि आधी कोणी काय मारलंय ते माहीत नसेल, विशेषतः सेकंडहँड गाडी असेल, तर कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून न दिसणाऱ्या जागी मिनिटभर धरा. रंग विरघळून कापसाला लागला तर ड्युको, म्हणजे नुसता थिनर उडून वाळणारा जुना प्रकार, किंवा कॅनचा रंग आहे, सुरकुत्या पडल्या तर गेटला मारतात तो इनॅमल, काहीच झालं नाही तर कारखान्याचा किंवा हार्डनर, म्हणजे रंग पक्का करणारं द्रव्य, घातलेला. सुरकुत्या पडल्या तर तो सगळा काढा. त्याच्यावर कॅनचा रंग मारलात तर दुधावरच्या सायीसारखा गोळा होतो.

आता हवामान, म्हणजे आपल्या इंदूरचं हवामान, कारण दुसऱ्या गावच्या माणसाने सांगितलेल्या वेळा इथे चालत नाहीत.

ते दुधाळ धुकं कसं आलं ते काकांनी सांगितलं तेव्हा पटलं. रंगातला थिनर भराभर उडतो, उडताना तो पृष्ठभाग गार करतो, आणि हवेत दमटपणा भरपूर असला की त्या गार जागेवर ओल धरते, जशी थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून धरते, आणि ती ओल रंगात अडकते. म्हणून पाऊस थांबलाय की नाही हा प्रश्नच नाही, हवेत ओल किती आहे हा प्रश्न आहे. मोबाईलवर ह्युमिडिटी दिसते, साधारण साठ-पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर मारा, ऐंशीच्या पुढे असेल तर कॅन हातात घेऊ नका. जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे सोडूनच द्या. धुकं आलंच तर घाबरून लगेच पुसू नका, कोरड्या दिवशी त्यावर एक हलका ओला हात मारला तर कधी कधी आपोआप साफ होतं. माझं निम्मं झालं, निम्मं राहिलं.

दुसरं, शब-ए-मालवा. आपल्या गार रात्रींचं कौतुक सगळे करतात, मीही करते, पण नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला रंग मारून पार्ट रात्रभर गच्चीवर ठेवलात तर सकाळी दव पडलेलं असतं, आणि पत्रा तर हवेपेक्षाही गार पडतो. सकाळी दहा ते एक ही वेळ, ऑक्टोबर शेवट ते मार्च हे महिने, सावलीत, वारा नसताना. दुपारी पार्ट आत घ्या. रंगपंचमीच्या आसपास मात्र नको, गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याकडून गुलाल उडत कुठवर येतो त्याचा नेम नाही, आणि ओल्या चंदेरीवर बसलेला गुलाल निघत नाही. हे मी गमतीत म्हणत नाहीये, आमच्या शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आहे अजून, ते परत येतील खाली.

उन्हाळ्यात मारायचाच असेल तर पहाटे. चाळीस डिग्रीत रंग हवेत वाळतो, ते वर सांगितलंच.

कॅन मारायची पद्धत थोडक्यात, कारण हाताला लागते ती सवय, सांगून येत नाही. आतली गोळी खडखड वाजायला लागली की त्यानंतर दोन मिनिटं हलवा, आधीची धरायची नाहीत. वीतभर अंतर, आठ ते दहा इंच. पार्टच्या बाहेरून सुरू करून बाहेरच सोडायचं, बोट मध्येच दाबलं-सोडलं की तिथे थेंब. अर्धा पट्टा अर्ध्या पट्ट्यावर. पहिला हात नुसता भुरभुर, खालचं दिसत राहिलं पाहिजे, सगळ्यांना इथेच घाई होते. मध्ये पाच-दहा मिनिटं. थंडीत कॅन थुंकायला लागला तर कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा, कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं, गॅसवर वगैरे अजिबात नाही, आत एलपीजीच असतो बहुतेक कॅनमध्ये. आमच्याकडे गच्चीवर तुळशीपाशी संध्याकाळी दिवा लागतो, म्हणून माझा नियम, सांजवातीच्या आधी कॅन बंद, झाकण लावून आत.

कॅनचा रंग हात लावण्याइतका अर्ध्या तासात वाळतो, पण आतून घट्ट व्हायला आठवडा घेतो, तोवर प्रेशरचं पाणी नको, आणि मेण-पॉलिश महिनाभर नको.

आणि सुटेल की नाही हे आठ महिने थांबून कशाला बघायचं. बंपरच्या खालच्या न दिसणाऱ्या कडेवर तोच सगळा क्रम करा, आठवड्याने ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारा, पंचवीस चौकोन होतात, त्यावर चांगली पॅकिंगची टेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. मास्किंग टेप नको, ती कशालाच ओढत नाही आणि उगाच पास करून टाकते. चौकोन टेपला आले तर टेपची चिकट बाजू बघा, परत तीच पाठ, कुठला थर आला ते कळतं. मी चौथ्या वेळी केलं, एकही चौकोन आला नाही, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना खाली बोलावून टेप दाखवली. आई म्हणाल्या "कोरी टेप काय बघायची?"

आता घरी का पेंटरकडे. माझं उत्तर आहे खालचे थर घरी, किंवा डोळ्यांसमोर, वरचे बूथमध्ये, म्हणजे पेंटरच्या बंद रंगखोलीत.

कारण चंदेरी रंग. साधा पांढरा, काळा कॅनने बऱ्यापैकी जमतो, चंदेरीत अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, त्या कशा पडल्या, ओल्यात का सुक्यात, जवळून का लांबून, त्यावर रंग गडद-फिका दिसतो. कंपनीचा रंगाचा कोड बरोबर असला तरी. माझ्या गाडीचा झेड टू एस, बॉनेटखालच्या पट्टीवर बघितला, त्याच नंबरचा कॅन आणला, तरी समोरून जुळत होता आणि तिरकं बघितलं तर कोपरा वेगळा. पेंटर काय करतो, रंग शेजारच्या भागात विरवत नेतो आणि क्लिअर पूर्ण बंपरवर मारतो, त्यामुळे डोळ्याला जोड सापडत नाही. कॅनने हे होत नाही असं नाही, माझ्याने झालं नाही. मोत्याची झाक असलेला पांढरा असेल तर घरी विचारही करू नका, त्यात रंग आणि क्लिअरच्या मध्ये तिसरा थर असतो.

आणि क्लिअर. साध्या कॅनचा क्लिअर नुसता वाळतो, पेट्रोलचा थेंब पडला की चिकट होतो, म्हणजे पेट्रोलच्या झाकणाजवळ तो कुचकामी. पेंटरचा हार्डनर घालून केलेला, ज्याला ते टूके म्हणतात, तो वाळण्याबरोबर आतून जुळून पक्का होतो. टूकेचे कॅनही मिळतात, खालची कळ दाबली की हार्डनर आत फुटतो. मी तो मारणार नाही आणि तुम्हीही मारू नका असं स्पष्ट सांगते. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा छातीत गेला की दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचं वावडं घेतलं की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. कोविडच्या वेळचा उरलेला मास्क लावून हे काम होत नाही, कारखान्यात आणि चांगल्या बूथमध्ये नळीतून बाहेरची स्वच्छ हवा मिळणारा मास्क घालतात. काकांच्या बरोबरीच्या एका माणसाला याच्यापायी पेंट शॉप सोडावं लागलं होतं. साध्या कॅनलाही ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज मास्क घ्या, मुलांना गच्चीवर येऊ देऊ नका.

मग चौथ्यांदा मी काय केलं, तर बंपर काढला, मागच्या बाजूने स्क्रू आणि क्लिपा, दोन क्लिपा तुटल्या, तो कोपरा प्लास्टिकपर्यंत घासून काढला, सगळे जुने थर, दोन रविवार गेले, बोटांची सालटं निघाली. प्लास्टिक प्रायमर, करडा प्रायमर, ६०० चा पेपर, टेपची परीक्षा, सगळं घरी. आणि मग बंपर रिक्षात घालून बूथ असलेल्या पेंटरकडे नेला, रंग आणि टूके क्लिअर फक्त. सुटा पार्ट, तयार करून नेलेला, त्यामुळे सतराशेत झालं. रिक्षावाला म्हणाला "भिया को बोलो ना, आप क्यों उठा रहे हो."

तुम्हाला घासायचा कंटाळा असेल तर सगळंच बाहेर द्या, त्यात कमीपणा काही नाही, पण देताना विचारा. बंपर काढून मारणार का गाडीवरच? उघड्या प्लास्टिकवर कुठला प्रायमर मारणार, डबा दाखवा. क्लिअर हार्डनरवाला का? भट्टीत ठेवणार का? साठ डिग्रीला अर्धा तास पुरतो साधारण, दीड-दोन तासांत गाडी तयार म्हणणाऱ्याकडे यातलं काहीतरी गाळलेलं आहे. आणि प्रायमरच्या वेळी स्वतः जाऊन उभे राहा, रंगाच्या वेळी नाही गेलात तरी चालेल. पेंटरला राग येतो. येऊ दे.

इन्शुरन्समधून करू म्हणणाऱ्यांसाठी, दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये तसेही तुमच्या खिशातून जातात, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची हप्त्यातली सूट, जातो, तो पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर एका कोपऱ्यासाठी पुढच्या हप्त्यात किती भराल त्याचा हिशोब आधी करा.

घरी बिनधास्त काय रंगवा, वायपरचे दांडे, चाकाच्या टोप्या, लोखंडी रिम, आरशाच्या टोप्या साध्या रंगाच्या असतील तर, आणि खालच्या काळ्या पट्ट्या. घरी काय नको, बॉनेट आणि टप, कारण सपाट मोठ्या जागेवर प्रत्येक चूक दिसते, पेट्रोलच्या झाकणाभोवती, आणि ज्या बंपरच्या आत रडार बसवलेलं असतं तो, जाड किंवा धातूचा रंग चढला तर रडारला आंधळं करतो. पार्किंगच्या सेन्सरवरही थरावर थर नकोत.

राहिली ती तपकिरी पूड. परवाच ते गुलालवाले शेजारी एका औषधाच्या पुडीत पोपडा घेऊन आले, स्कूटरच्या मागच्या मडगार्डचा, म्हणे ताई तुम्ही रंगाचं बघता ना, कुठला कॅन आणू. मी उलटा केला. पाठीला तपकिरी पूड, बोटाला लागत होती. म्हटलं भाऊ, कॅन नका आणू अजून, हा रंग सुटलेला नाही, खालचा पत्रा सुटतोय. तारेचा ब्रश घ्या, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा, टणटण वाजतंय तिथे पत्रा आहे, बद्द वाजलं किंवा टोक दाबल्यावर आत गेलं तर वेल्डरकडे. पत्रा उरला असेल तर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, उघडं लोखंड रात्रभर ठेवू नका. ते गेले आणि अर्ध्या तासाने वरून त्यांचा आवाज आला, "ताई, गेलं की हो आरपार!"